तू खाली लिहिलंस, मी खालून कापलं

देविदास,

तुझ्या शोकसभेत अकरा जण बोलले. त्यातल्या नऊ जणांनी चुकीची माहिती दिली. उरलेल्या दोघांनी माहिती दिलीच नाही, फक्त वेळ घेतला. मी बोललो नाही. माझं नाव पुकारलं तेव्हा हात हलवून नको म्हटलं. लोकांना वाटलं, दुःख आवरत नसावं. तसं नव्हतं. मला तुझा राग आला होता, आणि गेलेल्या माणसावर माइकसमोर रागावता येत नाही.

आज तुला जाऊन तेरा दिवस झाले. राग गेलेला नाही. नीट मांडता येईल इतका थंड झाला आहे, म्हणून लिहितो.

सभा रिसोडच्या वाचनालयात झाली. अध्यक्ष प्राध्यापक गावंडे. तू तीस वर्षं ज्या मंचाबरोबर गावोगाव फिरून बाबालोकांचे चमत्कार लोकांसमोर उघडे पाडलेस, त्या मंचाची सूत्रं आता त्यांच्याकडे आहेत. ते म्हणाले, "देविदास अखेरच्या श्वासापर्यंत निरीश्वरवादी होता. त्याच्याविषयी ज्या अफवा पसरवल्या गेल्या, त्यांना आज इथंच मूठमाती देऊ." टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या. तू असतास तर याच्यावर एक लेख पाठवला असतास.

तिसऱ्या रांगेत याकोब मास्तर बसले होते. निवृत्त शाळामास्तर, गावाबाहेरच्या टिनाच्या ख्रिस्ती प्रार्थनागृहाचे पाळक. नऊ वर्षं दर रविवारी तू त्यांच्याकडे जात होतास. टाळ्या वाजत असताना त्यांनी मान खाली घातली आणि स्वतःचे हात पाहत बसले. माझ्या मागे तुझ्या गावचे दोघं होते.

"काही ना काही देल्लं असन बावा त्याले. फुकटात कोन देव बदलवते?"

"ह्याले तं देवच नव्हता. बदलवन काय?"

"तेच म्हनतो. नवाकोरा घेतला म्हंजे भाव चांगला भेटला असन."

दोघं हसले. पुढच्या रांगेत मंदावहिनी होत्या. त्यांच्या पाठीवरून कळलं की त्यांनी ऐकलं.

म्हणजे एका सभेत तुझ्याविषयी दोन बातम्या होत्या. व्यासपीठावरची अशी की तू बदललाच नाहीस. खालची अशी की तुला विकत घेतलं. दोन्ही खोट्या, हे सांगायला माइकवर बोलावलेला सभागृहात एकच माणूस होता, आणि तो हात हलवून नको म्हणाला होता.

बाहेर चपला घालताना वहिनींनी मला गाठलं.

"भाऊजी, तुमी काहून नाही बोलले?"

"काय बोलू, वहिनी?"

"जे खरं हाय ते. तुमाले तं सारं ठाऊक होतं. ते म्हनत, सुधाकरले मी दर आठवड्याले लेहून धाडतो."

"तो लेख धाडायचा, वहिनी. गुरुवारचा लेख."

"त्याच्यातच, म्हनत. मले नाही सांगत इतलं, त्याले सांगतो."

तू आपल्या पेपरचा वार्ताहर, मी वाशीमच्या डेस्कवर, म्हणजे मजकूर तपासून पान लावणारा. तुझे सगळे लेख मी छापले होते. त्यात असं काही नव्हतं.

मला काय ठाऊक होतं ते आधी नोंदवतो. तू रविवारी मास्तरांकडे जातोस, हे ठाऊक होतं. दोन उन्हाळ्यांपूर्वी तू बाप्तिस्मा घेतलास, हेही. तूच फोन केला होतास.

"रविवारी ये. मास्तरच्या शेततळ्यात हाय."

"तुले पोहता येत नाही."

"म्हनूनच ये."

"रविवारी पान असते माह्याकडं."

"रविवारी तुह्याकडं पान नसते, सुध्या. सोमवारचा अंक अकोल्याहून लागते."

माझ्या कामाचं वेळापत्रक तुला माझ्यापेक्षा चांगलं पाठ होतं. तरीही मी गेलो नाही. मनात म्हटलं, साठीनंतर काही लोक बागकाम करतात, हा पाण्यात उतरतो आहे. विषय माझ्यापुरता संपला होता. कारण विचारावंसं वाटलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना 'का' विचारून पगार घेतला, तुला एकदाही विचारलं नाही.

आता कामाच्या पद्धतीबद्दल. हे तुला माहीत आहे, पण हे पत्र छापलं तर वाचकांना माहीत नसेल, म्हणून लिहितो. तुझा मजकूर मंगळवारी यायचा आणि गुरुवारी जिल्हा पानावर लागायचा. जागा चारशे शब्दांची. तू चारशे साठ पाठवायचास, चारशे ऐंशी पाठवायचास. पूर्वी असा नव्हतास, पूर्वी तुझा मजकूर, आपल्या भाषेत कॉपी, तोलून यायचा. गेल्या नऊ वर्षांत बिघडलास. मी फोनवर ओरडायचो.

"काय बे, सत्तर शब्द जास्त कायले धाडतं?"

"काप नं मंग."

"कुठून कापू?"

"तुले कुठून कापता येते?"

खालून. बातमी खालून कापतात. महत्त्वाचं सगळ्यात वर, कमी महत्त्वाचं त्याखाली, जागा कमी पडली तर शेपूट उडवा. पण तुझा मजकूर बातमी नव्हता, लेख होता, आणि लेख असा खालून कापू नये. हे मी नव्या मुलांना स्वतः शिकवतो. तरी तुझा कापत आलो. कारण तुझा शेवटचा परिच्छेद काढला तरी लेख तुटलेला दिसत नसे, उलट त्याच्या आधीच्या वाक्यावर तो व्यवस्थित संपलेला असे. मला माझ्या हातोटीचं कौतुक होतं. एकदा तुला म्हटलंही, "पाह्य, कापलेलं कोनाले कळते का?" तू म्हणालास, "नाही कळत." एवढंच. एक ओळ गेली तर आठवडाभर तोंड फुगवणारी आपली जमात. तुझे परिच्छेदच्या परिच्छेद जात राहिले आणि तू हूं का चूं केलं नाहीस. मला तिथंच संशय यायला हवा होता.

ते परिच्छेद मी वाचत नव्हतो. वाचून कापले असते तर ते माझं मत तरी झालं असतं. मी मोजून कापले.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी वाशीमच्या ऑफिसात बसून तुझ्या जुन्या ईमेल उघडल्या आणि प्रत्येक मजकूर शेवटापासून वाचायला घेतला. वहिनींचं म्हणणं खरं होतं. दर आठवड्याचं नाही, पण बहुतेक आठवड्यांचं होतं.

अशांतला सगळ्यात जुना मजकूर लेख नव्हता, बातमी होती, आणि ती मी छापलीच नव्हती. ती समजायला गोदाबाईची गोष्ट सांगावी लागेल. तुला ती सांगायची गरज नाही. उलट ती विसरून दाखवली मीच.

रिसोडच्या पलीकडच्या एका गावात गोदाबाईच्या अंगात दर मंगळवारी देवी यायची. ती लोकांच्या घरातल्या गोष्टी बिनचूक सांगायची. तू तीन मंगळवार तिथं बसलास आणि शोधून काढलंस की तिची जाऊ आधी दोन दिवस पिठाच्या गिरणीवर बसून बायकांचं बोलणं ऐकते. तू लिहिलंस, फोटो पाठवलास: केस मोकळे, डोळे वर गेलेले. मथळा माझा होता: 'देवीची बातमीदार गिरणीवर'. फार गाजला. कुठल्याही बैठकीत मी तो मथळा सांगायचो आणि लोक हसायचे.

त्यानंतर चार वर्षांनी तुझ्या कानावर आलं की याकोब मास्तरांच्या प्रार्थनेनं एक मरायला टेकलेली बाई बरी झाली. तू कॅमेरा घेऊन गेलास. तुझी बातमी अशी होती, की चमत्कार झालेला नाही आणि तसा दावाही कुणी करत नाही. मास्तरांचं म्हणणं तू जसंच्या तसं दिलं होतंस: "नाही जी, बरी कायची होते? आमी प्रार्थना करतो, पट्ट्या बदलवतो. पाय तं सडतच चालला." त्यावर मी तुला एका ओळीचं उत्तर पाठवलं होतं. तेही सापडलं. 'चमत्कार नाही, फसवणूक नाही. मग बातमी काय आहे?'

खाली आणखी एक परिच्छेद होता. माझी नजर तिथपर्यंत पोचली नव्हती. तो असा:

'ही बाई गोदाबाई आहे. आपण छापल्यावर मुलानं तिला घराबाहेर काढलं. दोन वर्षं ती बसथांब्यावर होती. मास्तरांनी तिथून उचलून आणली. तिनं मला ओळखलं. म्हणाली, उन्हातून आला, पाणी घे आधी. आपण छापलं ते खरं होतं. आता मी काय करावं ते मला कळत नाही.'

आणि त्यावर माझं उत्तर: मग बातमी काय आहे?

तू परत काही लिहिलं नाहीस. मी न वाचता लिहिलं की वाचून, हे तुला त्या दिवशी कसं कळणार? वाचून लिहिलं असं तू समजला असशील, तर मग पुढची नऊ वर्षं माझ्याशी बोलत कसा राहिलास, हे मला उलगडत नाही. मी बोललो नसतो.

गोदाबाई दीड महिन्यानं गेली. हे पुढच्या एका कापलेल्या परिच्छेदातून कळलं. तोवर तू तिथं आठवड्यातून दोनदा जात होतास. तुझ्या मते 'तपासायला'. तुझं वाक्य आहे: 'तपासण्यासारखं तिथं आता काही उरलेलं नाही. तरी गेलो. कारण पुढच्या आठवड्यात शोधतो.' पुढच्या आठवड्यात कारण नव्हतं. त्याच्या पुढच्याही नव्हतं. तुझ्यासारखा वार्ताहर इतका वेळ एका 'का'वर अडकलेला मी पाहिला नव्हता.

याच काळात आपण वाशीमच्या बसस्टँडवर चहा पीत भांडायचो. तू बायबल वाचायला घेतलं होतंस आणि मला वाटत होतं, ते खोडून काढायला घेतलं आहेस. मी म्हटलं, कबरीतून उठण्याच्या एकाच घटनेच्या चार बातम्या आहेत, चार वार्ताहर, आणि कबरीपाशी सकाळी कोण कोण गेलं यावरही एकमत नाही. अशी कॉपी आपण उचलली असती का?

"चौघाईची कॉपी शब्दाले शब्द सारखी आली असती तं तू उचलली असती का?" तू म्हणालास.

"नाही. एकमेकाची उतरवली म्हटलं असतं."

"मंग तुले पाह्यजे तरी काय?"

"मले काही नको. तुले काय पाह्यजे?"

तू बशीत चहा ओतलास आणि तो निवला तरी प्यायला नाहीस. मग म्हणालास, "गोदाबाईची बातमी खरी होती नं?"

"शंभर टक्के."

"हं. खरं होतं, म्हनून मले ते मागं घेता येत नाही. खोटं असतं तं दिलगिरी छापून मोकळा झालो असतो."

मी म्हटलं, गाडी लागली, चल. गाडी खरंच लागली होती. पण मी ती तुझ्या बोलण्याच्या मधोमध पाहिली, हे आज आठवतं.

दिलगिरीवरून तू मला शिकवलेली एक गोष्ट आठवली आणि रागात खंड पडला. आपल्या सुरुवातीच्या दिवसांत मी फोनवरच्या माहितीवर भरवसा ठेवून मालेगावच्या एका निवृत्त तलाठ्याला जिवंतपणी मृत घोषित केलं होतं. मी आत दोन ओळींची दिलगिरी टाकून विषय संपवणार होतो. तू मला मोटारसायकलवर बसवून त्यांच्या दारात नेलंस. म्हणालास, मारलं तू, तं तोंड दाखवून जिवंत कर. तलाठीबुवा बाहेर आले, आपल्याकडे पाहिलं आणि आत ओरडले, "चहा टाक वं! माह्या तेरवीले दोघं आले." त्या दिवसापासून मी फोनवर कुणालाही मारलं नाही. एवढी एक सवय मी तुझ्याकडून शिकलो, आणि तिच्यावर माझी नोकरी चालली. त्याबद्दल आभार मानायचे राहिले. आपल्यात तशी पद्धत नव्हती.

पुन्हा मुद्द्यावर येतो. कापलेल्या परिच्छेदांतले काही इथं देतो, क्रमानं.

'देव नाही हे मी तीस वर्षं सिद्ध केलं असं लोक म्हणतात. मी एवढंच सिद्ध केलं, की अमुक बाबाच्या नखात राख आधीपासून होती. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे इतक्या उशिरा कळणं लाजिरवाणं आहे.'

'काल पहिल्यांदा प्रार्थना केली. कुणाला उद्देशून, माहीत नाही. मूर्खासारखं वाटलं. पण गोदाबाईचं नाव मोठ्यानं घेता आलं. ते मला दुसऱ्या कुठल्याच खोलीत घेता येत नाही.'

'चार रविवार गेलो नाही. सुटलो असं वाटलं. पाचव्या रविवारी पाय आपोआप तिकडे वळले, असं लिहिणार होतो. ते खोटं आहे. मोटारसायकल पुसली, पेट्रोल टाकलं, ठरवून गेलो.'

'मास्तर म्हणतात, तुमची क्षमा झाली आहे. मी म्हणतो, कशावरून? ते म्हणतात, शब्दावरून. एका शब्दावर बातमी देत नाहीत, हे त्यांना सांगितलं. ते हसले. मी अजून दुसरा स्रोत शोधतो आहे.'

आणि बाप्तिस्म्याच्या आठवड्यातला: 'दुसरा स्रोत मिळाला नाही. पहिलाच पुरेसा वाटू लागला. असं का झालं ते मला सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही ते न लिहिण्याची मला सवय आहे.'

हे मला पटलेलं नाही, देविदास. सगळं वाचून झाल्यावरही नाही. गोदाबाईची क्षमा गोदाबाईच देऊ शकत होती, आणि तुझ्याच म्हणण्याप्रमाणे तिनं पहिल्याच दिवशी तुला पाणी दिलं होतं. तिथं थांबता आलं असतं. पुढं आकाशापर्यंत जायची गरज काय होती, यावर मी तुझ्याशी तास दोन तास भांडलो असतो. पण कुणी तुला फोडलं नाही, भुलवलं नाही, काही देऊन नेलं नाही. तू अडखळत, परत फिरत, स्वतःवर शंका घेत गेलास, आणि प्रत्येक पावलाची नोंद माझ्या टेबलावर ठेवत गेलास. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सगळ्यात खाली. तीस वर्षं नव्या वार्ताहरांना 'मुख्य मुद्दा पहिल्या वाक्यात' शिकवणाऱ्या माणसानं! पहिल्या वाक्यात लिहायला काय झालं होतं?

हाच प्रश्न घेऊन मी याकोब मास्तरांकडे गेलो. ते टिनाखाली बाकड्यांवरची धूळ झटकत होते.

"मास्तर, त्यानं हे मला सरळ का नाही सांगितलं?"

"मी बी हेच म्हनलो त्याइले. सुधाकरभाऊले बोलवा, बसवा, सांगून टाका. ते म्हने, तो हुज्जत घालीन."

"घातली असती."

"मंग ते म्हने, हुज्जतीत मी जिंकतो मास्तर, जलमभर जिंकलो. हे मले जिंकून नाही सांगाचं. सुध्या ज्या दिवशी शेवटपावतर वाचन, त्या दिवशी आपन होऊन विचारन. विचारलं का सांगतो."

"नऊ वर्षं?"

"मले बी लय वाटलं," मास्तर म्हणाले. "पन तुमचे दोस्त होते. तुमाले ठाऊक."

हा काय प्रकार होता, देविदास? ज्या माणसाला तू 'खालून कापतो' म्हणून ओळखत होतास, त्याचीच परीक्षा खालच्या परिच्छेदात घ्यायची? आणि नापास झाला तर दर मंगळवारी पुन्हा बसवायचं? मी चुकलो, हे मान्य आहे. पण इतका धीर माझ्यासाठी धरायला मी काय देव आहे?

गावंडे तुझ्या लेखांचं पुस्तक काढायच्या तयारीत आहेत. संपादन माझ्याकडे. मी त्यांना सांगितलं, कापलेले परिच्छेद जिथल्या तिथं जातील, आणि प्रत्येकाखाली टीप असेल की हा मजकूर डेस्कनं, म्हणजे मी, न वाचता वगळला होता.

"मग मंचाचं नाव देता येणार नाही, सुधाकरराव."

"नका देऊ."

"आणि न वाचता कापलं, हे तुम्ही स्वतःच्या नावानं छापणार? लोक काय म्हणतील?"

"जे खरं आहे ते म्हणतील."

ते चष्मा पुसत बसले. मी त्यांना हट्टी समजत होतो. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "तीस वर्षं त्याच्यासोबत स्टेजवर उभा राह्यलो मी. तुमाले तं त्यानं परिच्छेद तरी धाडले. मले काय धाडलं?" याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर ते तुझ्यापाशीच राहिलं.

शेवटी काल दुपारी रिसोडला वहिनींकडे गेलो. त्यांच्या संमतीशिवाय काही छापणार नव्हतो. सगळ्या प्रती छापून नेल्या होत्या. त्यातला एक कागद वेगळा काढून ठेवला होता. त्या एका आठवड्यात तू मजकुरावर लिहिलं होतंस: 'शब्द चारशे. मोजले आहेत.' खरंच चारशे होते, शेवटच्या परिच्छेदासकट. तो कापला जाऊ नये, छापून यावा, म्हणून तू नऊ वर्षांत एकदाच मोजून पाठवलंस. आणि त्याच बुधवारी संध्याकाळी ऐनवेळी जाहिरात आली आणि मी खालून आठ ओळी काढल्या.

वहिनींनी चष्मा लावून तो कागद वाचला.

'माझी बायको रोज सकाळी दिवा लावते. तीस वर्षं मी त्या दिव्याला हसलो. पाहुण्यांसमोर हसलो, मुलीसमोर हसलो. आता मी रोज सकाळी डोळे मिटून बसतो आणि ती मला एकदाही हसलेली नाही. ती तिच्या देवापाशी, मी माझ्या. मंदा, माझं चुकलं.'

"कोन्त्या गुरुवारचं हाय हे?" त्यांनी विचारलं.

"तीन वर्षांपूर्वीचं. उन्हाळ्यातलं, आखाजीच्या आठवड्यातलं."

त्यांनी कागद मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "त्या दिवशी त्याइनं सोता पेपर आनून देल्ला मले. मी कनीक मळत होती. म्हने, हात धू, वाच. मी वाचलं. हे समोर खुर्ची टाकून बसले, माह्या तोंडाकडं पाहत. म्हटलं, काय पाहून राह्यले? म्हने, सारं वाचलं का? म्हटलं, सारं वाचलं. मंग काय वाटलं? म्हटलं, चांगलं लेहलं, नेहमीसारखंच. मंग त्याइनं पेपर माह्या हातातून घेतला, पाह्यला, अन् उठून बाहेर गेले."

"वहिनी, तो मी कापला होता. जाहिरात आली होती."

"कायची?"

"कूलरची."

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. कूलर घरघरत होता.

"हाच तं हाय तो," त्या म्हणाल्या. "त्याच आखाजीले आनला. पेपरातच पाहून."

आणि त्या हसल्या, देविदास. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत हसल्या. मला काय करावं कळेना. मी कूलरकडे पाहत बसलो. हसणं ओसरलं तेव्हा डोळे पुसून त्यांनी कागदावर, तुझ्या शेवटच्या ओळीवर हात ठेवला. मला नाही, तुला म्हणाल्या, "तोंडानं मागावं नं, मानसा. पेपरात कोन मागते माफी? मी तं कवाची माफ करून बसली होती."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सारं छापा, भाऊजी."

त्यांचं हे उत्तर तुला तीन वर्षं उशिरा कळवतो आहे. चूक डेस्कची.

सुधाकर